जास्त मार्क पडलेली नदी

नऊ वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला अच्युत पोंक्षे यांनी उत्तर दिलं नव्हतं. तसं पाहिलं तर आयुष्यात त्यांनी बऱ्याच पत्रांची उत्तरं टाळली होती. सत्काराची निमंत्रणं, व्याख्यानांच्या विनंत्या, जुन्या विद्यार्थ्यांच्या चौकश्या, सगळं टेबलाच्या खणात जायचं आणि यथावकाश रद्दीत. ती पत्रं विसरता आली. हे एक विसरता आलं नाही.

वहीच्या रेघी पानावर, एकेक अक्षर सुटं काढून लिहिलेलं ते पत्र होतं.

‘पोंक्षे सरांस सप्रेम नमस्कार, वि. वि. मी कोंडमाळ गावची अंगणवाडी सेविका आहे. आमच्या शिसवती नदीला तुम्ही शंभरात एक्क्याण्णव मार्क दिले असं पेपरात वाचलं. गावाला आनंद झाला. शाळेत पेढे वाटले. पण आम्हा बायांकडे एक गोष्ट आहे, ती सांगण्यासारखी नाही, बघण्यासारखी आहे. तरी एकदा वैशाखात यावं. जेवणाची सोय माझ्याकडे होईल. दुसरं असं की, जास्त मार्क पडलेल्या नदीचं पुढे काय करतात, तेवढं उलटटपाली कळवावं. आपली, वनिता भुवड.’

अच्युतरावांनी उत्तराचे सतरा कच्चे मसुदे केले. दूधवाल्याला चिठ्ठी लिहितानाही ती दोनदा खोडणारा हा माणूस. सतरा त्यांना फार वाटले नाहीत. मग पावसाळा लागला, मग दिवाळी आली, आणि इतक्या उशिरा उत्तर पाठवणं हाच उद्धटपणा होईल असं त्यांनी स्वतःला पटवून दिलं. पत्र संख्याशास्त्राच्या एका जाड ग्रंथात खूण म्हणून राहिलं.

*

शिसवतीला मार्क देणारी पद्धत त्यांचीच. तिला त्यांनी ‘सावरांक’ असं नाव दिलं होतं.

कल्पना साधी होती. समईची ज्योत आहे. वाऱ्याची झुळूक आली की ती झुकते आणि पुन्हा सरळ होते. तेल भरपूर असेल तर चटकन सरळ होते. तेल संपत आलं असेल तरी ज्योत तेवढीच दिसते, पण झुकल्यावर सावरायला तिला वेळ लागू लागतो. विझण्याच्या आधी ज्योत लहान होत नाही, आधी ती आळसावते. नद्यांचंही तसंच. पूर, दुष्काळ, विषारी पाण्याचा एखादा लोंढा, असा धक्का बसल्यावर नदी किती दिवसांत मूळ पदावर येते हे मोजलं, तर तिच्यात किती तेल उरलंय ते कळतं.

पण मूळ पदावर आली हे ओळखायचं कसं? नदीतले मासे मोजत कोण बसणार? त्याचं उत्तर पाण्यातच होतं. मासा, खेकडा, बेडूक, पाणकिडा, जो जो पाण्यात राहतो तो खवल्याचा, त्वचेचा, विष्ठेचा काही अंश मागे सोडतो. लोटाभर पाणी घेऊन त्यातले हे जनुकीय अंश वाचले, तर वरच्या अंगाला कोण कोण नांदतंय याची शिरगणती होते. पूर्वी या कामाला प्रयोगशाळा आणि महिना लागे. आता डब्याएवढं यंत्र नदीत बसवलं की दर तिसऱ्या दिवशी ते आपणच पाणी ओढून घेतं, वाचतं आणि आकडे पाठवतं. अच्युतरावांच्या चमूने सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर दोनशे दहा नद्यांत अशी यंत्रं बसवली आणि तीन वर्षांत पाणलोटांचा रंगीत नकाशा तयार केला. हिरव्यात हिरवी नदी शिसवती.

त्या अहवालात शेवटच्या पानावर त्यांनी एक वाक्य लिहिलं होतं: ‘जी नदी अधिक सावरते, ती अधिक सोसू शकते.’ वाक्य वाईट नव्हतं. त्याचा नाद त्यांना आवडला होता, म्हणून ते राहिलं.

पुढे किनाऱ्यावर डेटा सेंटरं उभी राहिली. यंत्रं थंड करून तापलेलं, खारावलेलं पाणी हजारो टँकर भरेल इतकं रोज बाहेर पडू लागलं. भूजल आधीच नासलेलं होतं. तेव्हा सरकारनं नदीभार मंडळ स्थापन केलं, आणि मंडळाला एक नियम हवा होता. तो अहवालाच्या शेवटच्या पानावर तयार मिळाला.

*

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मंडळाचे उपसंचालक राजस मुळीक पुण्याला अच्युतरावांच्या घरी आले. हे त्यांचे एकेकाळचे विद्यार्थी. दार कुमुदताईंनी उघडलं. अच्युतरावांची ही धाकटी बहीण एकाहत्तर वर्षांची. वहिनी गेल्यापासून भावाकडेच राहायला आलेली. बँकेत, सोसायटीत, फोनवर, जिथे म्हणून तोंड उघडायची वेळ येई तिथे अच्युतरावांच्या वतीनं कुमुदताई बोलत. शहात्तराव्या वर्षी आपल्याला स्वतःचा आवाज क्वचितच ऐकू येतो, याचं अच्युतरावांना दुःख नव्हतं; सोय होती.

राजसनं कागद पुढे केला. शिसवतीवर तापलेल्या पाण्याचा पहिला भार सोडायचं ठरलं होतं. दहा जूनला शेवटची सुनावणी. गावातून एकच हरकत आली होती आणि तीही एका ओळीची: ‘नदी आपोआप सावरत नाही.’ पुरावा नाही, आकडे नाहीत. हरकत घेणाऱ्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, याहून जास्त सांगता येणार नाही. ती निकालात काढायला मूळ शास्त्रज्ञाचं खात्रीपत्र जोडलं की झालं.

अच्युतरावांनी वाचलं. ‘शिसवतीचा सावरांक हा त्या नदीच्या स्वतःच्या क्षमतेचा निदर्शक आहे, अशी मी खात्री देतो.’ खाली सहीची जागा. त्याच्याही खाली, हरकत घेणाऱ्याचं नाव: वनिता भुवड.

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

“दोन दिवस ठेवू का कागद?” त्यांनी विचारलं.

राजस म्हणाला, “ठेवा ना सर. पण मला जे दिसतंय तेही ऐकून ठेवा. शिसवती यादीतून गेली तर तुमच्याच यादीत दुसरी जोगणी आहे. अठ्ठ्याऐंशी. शिसवतीकाठी चार गावं, जोगणीकाठी अकरा. तापलेलं पाणी कुठंतरी सोडावं लागणारच आहे.”

मग चहाचा कप खाली ठेवत तो हळूच म्हणाला, “माझी आई जोगणीकाठीच राहते. हे मी बोलायला नको होतं.”

तो गेल्यावर अच्युतराव बराच वेळ खुर्चीतच बसून राहिले. सही केली तर शिसवती जाणार. नाही केली तर जोगणी. पद्धत चुकली म्हणावं, तर दोनशे दहा नद्यांना दिलेले आकडे आणि आयुष्यातली वीस वर्षं एका झटक्यात खोटी. आणि त्यांनी काहीही केलं नाही, नेहमीसारखं खणात सारलं, तर दहा जून आपल्या पावलांनी येणारच होती. कुठूनही निघालं तरी वाट फिरून त्या शेवटच्या पानावरच्या वाक्याशी येत होती.

कुमुदताई कप उचलायला आल्या. खात्रीपत्र त्यांनी परवानगी न घेता वाचलं. मग कपाटाशी जाऊन संख्याशास्त्राचा ग्रंथ काढला, त्यातलं पत्र काढलं आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

“तुला ठाऊक होतं हे पत्र?”

“दर दिवाळीला तुझी पुस्तकं कोण झाडतं, दादा? या बाईला मी नऊ वर्षं ओळखते. वैशाख परवापासून लागतोय.”

*

एसटी कोंडमाळच्या फाट्यावर उतरवून निघून गेली. वनिता भुवड घ्यायला आल्या होत्या. पन्नाशी उलटलेली, सडपातळ, खांद्यावर शबनम. कुमुदताईंनी आधी फोन करून ठेवला होता. उत्तराला नऊ वर्षं लागली याबद्दल वनिताबाई काही बोलल्या नाहीत. वाटेत फक्त म्हणाल्या, “सर तब्येतीनं एवढे बारीक असतील असं वाटलं नव्हतं. पेपरातल्या फोटोत भरलेले दिसत होतात.”

“फोटो जुना होता,” अच्युतराव पुटपुटले.

“मार्कही जुनेच आहेत की,” त्या म्हणाल्या.

जेवताना कुळथाचं पिठलं आणि भात वाढत त्यांनी नियम सांगितले. सकाळी नदीवर जायचं. बघायचं. बाया चालत असताना बोलायचं नाही. आणि ज्यानं केलं, त्यानं केलं म्हणून न बघितलेल्या कुणालाही सांगायचं नाही. सांगितलं की ते देवीला पोचत नाही, अशी समजूत. कोर्टात, कचेरीत, नवऱ्याला, कुणालाच नाही.

“म्हणून मी सुनावणीत गप्प,” वनिताबाई म्हणाल्या. “चौदाजणी आहोत. साऱ्यांनी बसून ठरवलं. सांगितलं तर मोडलं, आणि मोडून वाचवायची तर काय वाचवलं? पण बघणाऱ्यानं बघितलेलं सांगायला मनाई नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं होतं.”

सकाळी सातला ते नदीवर पोचले. खालच्या अंगाला शिसवती वैशाखात नदी राहत नाही. काळ्या दगडांच्या राशीत अडकून पडलेली डबकी तेवढी उरतात. एकेका डबक्यात बोटभर, वीतभर मासे, झिंगे, वामीची पिल्लं दाटीवाटीनं वळवळत होती. चौदा बाया होत्या, बहुतेक साठीच्या पुढच्या. दोघींनी जुनं लुगडं जाळ्यासारखं ताणून डबक्यातून फिरवलं, बाकीच्यांनी पाण्यानं निम्मे भरलेले हंडे पुढे केले. मासे हंड्यात गेले, वर ओलं फडकं बांधलं, हंडा डोक्यावर चढला आणि ओळ चालू लागली. दगडांवरून, उन्हातून, दीड मैल वर. तिथे कोंड होता. कोंड म्हणजे कधीच न आटणारा खोल डोह. त्यावर जांभळीची आणि करंजाची सावली, काठावर शेंदूर फासलेला दगड. हंडे पाण्यात अलगद कलते केले. मासे गेले. बाया पुन्हा खाली.

कुणी काही बोललं नाही. पैंजण नव्हते, बांगड्या वर सारून ठेवलेल्या. फक्त पावलांचा आणि हंड्यात डुचमळणाऱ्या पाण्याचा आवाज.

तिसऱ्या खेपेला एक म्हातारी खडकावर बसली. तिला धाप लागली होती. तिचा हंडा तसाच राहिला. अच्युतराव बघत होते तोवर कुमुदताईंनी पदर कमरेला खोचला, चुंबळ उचलली आणि डोकं पुढे केलं. वनिताबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग अच्युतरावांकडे पाहिलं, आणि हंडा त्यांच्या डोक्यावर ठेवला.

दुपारी सावलीत बसल्यावर अच्युतरावांनी धीर केला. एवढ्या जणींसमोर त्यांचा आवाज फाटल्यासारखा आला. “आमच्या पाहणीत प्रश्न होता. नदीत मानवी हस्तक्षेप होतो का, असा. गावानं ‘नाही’ म्हणून लिहून दिलं होतं.”

“शाळेच्या पडवीत विचारलंत,” वनिताबाई म्हणाल्या. “पुरुष बसले होते, त्यांना. ते म्हणाले, देवीची नदी आहे, कोण हात लावतोय? त्यांच्या दृष्टीनं खरंच होतं ते. आम्ही मागं चहा करत होतो.”

खडकावरची म्हातारी हसली. “ह्यात हस्तक्षेप कसला? उन्हाळ्यात लेकी माहेरी आणायच्या, सावलीत. पाऊस सरला की सासरी धाडायच्या.”

“पाठवणी कधी करता?” त्यांनी विचारलं. उत्तराचा अंदाज त्यांना आधीच होता.

“गौरी बोळवतो ना, त्याच दिवशी. गौरी घेऊन नदीवर यायचंच असतं. तिच्याबरोबर ह्याही.”

*

परतीच्या एसटीत खिडकीशी कुमुदताई बसल्या होत्या. मान आखडली होती म्हणून त्यांनी टॉवेलची गुंडाळी मानेमागे घेतली होती. घाट चढून गाडी वर आली तेव्हा त्यांनी विचारलं, “आता तरी सांग. उत्तर का नाही दिलंस? लाजाळूपणा वगैरे मला सांगू नकोस. सतरा मसुदे माणूस लाजून करत नाही.”

अच्युतराव समोरच्या सीटकडे बघत सांगू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच ते न खोडता बोलत होते.

पुरानंतर नदी सावरते ती हळूहळू. आलेखावर ती चढण दिसते, टेकडीच्या उतारासारखी. शिसवतीच्या आलेखात मात्र मध्येच पायरी होती. एका नोंदीत नदीच्या खालच्या अंगाला मासे नाहीत, आणि तीन दिवसांनी आहेत, भरपूर, सगळ्या जातींचे. पहिल्या वर्षी ती पायरी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली. दुसऱ्या वर्षी अकरा दिवस आधी, ऑगस्ट संपता संपता. तिसऱ्या वर्षी अधिक महिना होता. पायरी एकदम पुढे सरकून सप्टेंबरच्या मध्यावर गेली.

“इंग्रजी तारखेनं चालणारं निसर्गात काही नसतं, ते मी समजू शकलो असतो,” ते म्हणाले. “पण अधिक महिना पाळणारी पायरी? अधिक महिना फक्त माणसं पाळतात, कुमुद. मला तेव्हाच दिसलं होतं. कुणीतरी माणूस आहे इथे, एवढं दिसलं होतं.”

“मग?”

“अहवालाची मुदत होती. मी तीन वर्षांची सरासरी काढली. सरासरीत पायरी घासली गेली आणि गुळगुळीत उतार तयार झाला. खाली टीप लिहिली, ‘ऋतुमानानुसार फरक.’ आणि दोन महिन्यांनी हे पत्र आलं. ‘आम्हा बायांकडे एक गोष्ट आहे.’ मला कळलं की तीच पायरी पत्र लिहितेय.”

ज्योत चटकन सरळ होत होती, कारण तिच्याभोवती चौदा बायांनी हात धरला होता. अच्युतरावांनी तेल म्हणून जे मोजलं, ते हे हात होते. आणि मोजलेल्या त्या आकड्याच्या जोरावर आता तापलेलं पाणी सोडायचं होतं, ज्यात तो कोंडच आधी मरणार होता.

कुमुदताईंना मिरजेला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, त्या वर्षी वडिलांना अर्धांगवायू झाला. नंतर आई. मग त्यांचा स्वतःचा संसार अर्ध्यावर उधळला, आणि तीन वर्षांनी वहिनीचा कॅन्सर. प्रत्येक वेळी घरात एकच वाक्य बोललं गेलं, आणि बहुतेक वेळा ते अच्युतरावच बोलले होते: ‘कुमुद सावरून घेईल.’

“आपल्या घरात सगळ्यांत जास्त मार्क मला होते, दादा,” त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. तो असता तर अच्युतरावांना बरं वाटलं असतं.

काही वेळानं ते म्हणाले, “मंडळाकडे तू बोलशील ना? म्हणजे, मी लिहून देतो. सुनावणीत वाचून दाखवायला...”

कुमुदताईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. मान दुखत होती तरी पूर्ण वळून.

“मला नाही बोलता येणार. मी हंडा उचललाय.”

“तुला काय देवीचं? तू कुठे...”

“मी उचललाय,” त्या पुन्हा म्हणाल्या. “तू नाही उचललास. तू बघितलंयस.”

*

दोन दिवसांनी राजसचा फोन आला. सवयीनं कुमुदताईंनी उचलला, “हां, देते,” म्हणाल्या आणि अच्युतरावांच्या हातात दिला. स्वतः स्वयंपाकघरात जाऊन कोथिंबीर निवडत बसल्या.

अच्युतरावांनी जे पाहिलं ते सांगितलं. पायरीचंही सांगितलं.

राजस म्हणाला, “सर, हे तुम्ही मला सांगितलंत, ठीक आहे. बाहेर सांगितलंत तर लोक म्हणतील, आकडे घासून दिले. तुमचं नाव...”

“घासलेच होते.”

“आणि मंडळ सावरांक सोडणार नाही. कायद्यात बसलाय तो. तुम्ही नाही म्हणालात तर दुसऱ्या कुणाची तरी सही घेतील.”

“घेतील.”

“मग जोगणीचं काय करू? तेवढं तरी सांगा.”

अच्युतरावांनी मान वर केली. समोरच्या भिंतीवर नकाशा होता, दोनशे दहा रेघा, लाल, पिवळ्या, हिरव्या. त्यातल्या एकाही रेघेच्या काठी त्यांनी चहा करणाऱ्या बायांना काही विचारलं नव्हतं.

“राजस, तुझी आई नदीवर जाते का?”

“जाते म्हणजे? गावातल्या सगळ्याच जातात.”

“वर्षातून एखाद्या ठरावीक दिवशी? काही घेऊन?”

फोनमध्ये खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

“शिमगा झाला की निर्गुडीच्या फांद्या न्यायची,” राजस सावकाश म्हणाला. “चार-पाचजणी मिळून. पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. मला वाटायचं पूजा असेल. मी कधी...” तो थांबला. “विचारून सांगतो.”

त्यानं फोन ठेवला. पुढल्या आठवडाभरात त्याचा फोन पुन्हा आला नाही.

खात्रीपत्र टेबलावर तसंच होतं. अच्युतरावांनी नवा आकडा काढायचा प्रयत्न करून पाहिला. बायांचे हात वजा करून शिसवतीचा खरा सावरांक किती? चाळीस? पस्तीस? दोन दिवस त्यांनी समीकरणं मांडली आणि मग लक्षात आलं की आपण पुन्हा तेच करतोय. आकडा पस्तीस आला असता तर मंडळानं तिला मरायला टेकलेली नदी म्हणून सोडून दिलं असतं. आणि मरायला टेकलेल्या नद्यांचं काय करायचं यासाठीही मंडळाकडे दुसरं एक परिपत्रक होतं. वरचा आकडा असो की खालचा, दोन्हीकडून दार बंदच होतं. ते दार त्यांनीच बसवलेलं होतं.

त्यांनी समीकरणांचे कागद बाजूला केले आणि रेघी कागद मागवला. कुमुदताईंनी तो आधीच आणून ठेवला होता.

मसुदा केला नाही. केला असता तर सतरा झाले असते.

‘वनिताताईंस सप्रेम नमस्कार, वि. वि. आपल्या पत्राचं उत्तर द्यायला नऊ वर्षं लागली. कामात होतो असं लिहिणार नाही. आपण विचारलं होतं, जास्त मार्क पडलेल्या नदीचं पुढे काय करतात. तिच्यावर भार टाकतात. तिला आणखी सोसता येईल असं म्हणतात. हे म्हणणारा पहिला मी.

‘शिसवती आपोआप सावरत नाही. तिला कोण सावरतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वैशाखात मासे कोंडात नेले जातात आणि गौरी बोळवण्याच्या दिवशी खाली सोडले जातात. माझ्या आकड्यांत ही गोष्ट पहिल्या वर्षापासून दिसत होती. मी ती सरासरी काढून पुसली. सोबत मूळ आलेख जोडले आहेत, न घासलेले. हे पत्र सुनावणीत वाचून दाखवावं. शिसवतीला दिलेले मार्क मी परत घेत आहे. दुसरे कोणतेही मार्क तिला देत नाही.

‘शिसवतीचा भार जोगणीवर टाकतील असं मला सांगण्यात आलं आहे. तर तेही लिहून ठेवतो की, जोगणीकाठी किंवा यादीतल्या कोणत्याही नदीकाठी तिला सावरणारं कोण आहे, हे मी विचारलेलं नाही. तेवढं विचारून होईपर्यंत माझ्या आकड्यांवर विसंबून कुठंही पाणी सोडू नये. हे ऐकतीलच असं नाही. सुनावणीला मला बोलावलं तर मी येईन. मला बोलता फारसं येत नाही. पण जे पाहिलं ते सांगेन. आपला, अच्युत पोंक्षे.’

*

टपाल कार्यालय आता आठवड्यातून तीनच दिवस उघडं असे, तेही दोनपर्यंत. खिडकीशी बसलेल्या मुलीनं पाकीट तोलून पाहिलं, इतकं जाड काय आहे म्हणून विचारलं. कुमुदताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

“नदीचे आलेख आहेत,” अच्युतराव म्हणाले. “मूळचे.”

मुलीनं रजिस्टरची चिठ्ठी चिकटवली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.

अच्युतरावांनी पावती घेतली. दोन पावलं गेले आणि परत आले. पत्रात ‘बोळवण्याच्या’ लिहिलं की ‘बोळवणीच्या’, ते त्यांना आठवेना. तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य जरा कडक झालं होतं. सहीखाली तारीख घातली होती का?

“एक मिनिट परत मिळेल का ते?” त्यांनी विचारलं. “एवढंसंच बघायचं होतं.”

“पोतं बांधलं काका,” मुलगी म्हणाली. ती खरंच पोत्याचं तोंड दोरीनं आवळत होती.

अच्युतराव कुमुदताईंकडे वळले. एरवी अशा वेळी त्या पुढे होत, मुलीशी दोन गोड शब्द बोलत आणि पोतं उघडून घेत. आज त्यांनी नुसती छत्री उघडली आणि बाहेरच्या उन्हात पाऊल टाकलं.